तिकिटावरचे देणे

रेल्वेच्या तिकिटावरचा बारीक मजकूर वाचण्याची सवय आपल्याकडे फारशी कोणाला नसते. गाडी, डबा, बर्थ आणि आपले नाव बरोबर पडले आहे की नाही, एवढे पाहिले की तिकीट खिशात जाते. मीही त्यातलाच. पण २०१६ च्या पावसाळ्यात नातीच्या बारशाला पुण्याला निघालो होतो आणि सवयीप्रमाणे तासभर आधीच बेळगाव स्टेशनवर जाऊन बसलो होतो. वर्तमानपत्र वाचून झाले, शेजारच्या गृहस्थांशी मराठीत सुरू झालेले बोलणे कानडीत जाऊन संपले, आणि करायला काहीच उरले नाही तेव्हा मी तिकीट वाचू लागलो. त्यावर एक ओळ नव्याने छापलेली होती. प्रवासाला जो खर्च येतो त्यातली सरासरी ५७ टक्केच रक्कम भारतीय रेल्वे वसूल करते, अशा अर्थाची. पुढे काही वर्षांनी तर तिकिटाने सरळ प्रश्नच विचारला : तुमच्या भाड्याचा ४३ टक्के भार देशातले सामान्य नागरिक उचलतात, हे तुम्हाला माहीत आहे काय?

मला माहीत नव्हते. आणि एकदा कळल्यावर ते विसरता आले नाही.

आयुष्यभर मास्तरकी केलेल्या माणसाला उसनवारीचे वावडे असते. वाण्याची उधारी महिन्याच्या एक तारखेला चुकवायची, हे आमच्या घरचे वळण. आणि इथे मी शंभरातले त्रेचाळीस रुपये कोणाच्या तरी खिशातून घेऊन नातीला पाळण्यात घालायला चाललो होतो. कोणाच्या खिशातून? आमच्या गल्लीत एक कापडाचे व्यापारी राहतात, हिशेबाला पक्के. त्यांना ही ओळ दाखवली तर म्हणाले, "बरोबरच आहे. जो बसतो त्यानं पुरते पैसे द्यावेत. मी गाडीत बसत नाही, मग माझ्या करातून तुमचा बर्थ का?" यावर मला लगेच उत्तर सुचले नाही. गेली काही वर्षे ते उत्तर शोधतो आहे. सापडले तेवढे आज वाचकांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट, हा भार नेमका कोण उचलतो ते पाहू. आपल्या रेल्वेचे प्रवासी वाहतुकीतले नुकसान मुख्यतः मालवाहतुकीच्या नफ्यातून भरून निघते. मालगाडीतला सर्वांत मोठा माल कोळसा. कोळशाचे भाडे चढे असले की वीज महाग होते, आणि विजेचे बिल सर्वांनाच येते. म्हणजे आयुष्यात कधी गाडीत न बसलेली, एका खोलीत एक दिवा लावून पापड लाटणारी एखादी विधवा बाई माझ्या बर्थचे काही पैसे भरत असते. तिला ते कोणी विचारलेले नसते आणि तिच्या बिलावर तशी ओळही छापलेली नसते. व्यापारी स्नेह्यांपेक्षा मला या बाईचे देणे अधिक जड वाटते.

मग हे देणे नाकारावे काय? भाडे दुप्पट करावे आणि मोकळे व्हावे? तसे म्हणायचे तर आधी आणखी मागे जावे लागते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. ज्या कंपनीने ती काढली तिच्या संचालकांत आपले नाना शंकरशेट होते, याचा आपल्याला योग्य तो अभिमान आहे. पण त्या काळच्या रेल्वे कंपन्यांच्या भागधारकांना पाच टक्के व्याजाची सरकारी हमी होती, आणि ती हमी भागत होती इथल्या रयतेच्या महसुलातून. गाडीत कधी न बसलेला शेतकरी लंडनच्या भागधारकाचे व्याज भरत होता. आपल्या भागाचे तर विचारूच नका. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ पडला, दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये रेल्वे वाढवण्यावर भर दिला, आणि १८८२ मध्ये स्थापन झालेल्या सदर्न मराठा रेल्वेने या मुलखात मीटरगेजचे रूळ टाकले. खाली गोव्याच्या बाजूने पोर्तुगीज हद्दीतली रेल्वे दूधसागराचा घाट चढून कॅसलरॉकपर्यंत आली. त्या घाटात ज्यांनी पहारी चालवल्या त्यांच्यापैकी किती जण नंतर तिकीट काढून त्या गाडीत बसले असतील? आपण ज्या रुळांवरून जातो त्यांची किंमत आपल्या आधीच कोणीतरी मोजलेली आहे. शंभर टक्के स्वतःच्या पैशाने प्रवास करणारा रेल्वेप्रवासी अजून जन्मायचा आहे.

आपल्या परंपरेत तीन ऋणे सांगितली आहेत : देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण. यातले पितृऋण मोठे विलक्षण आहे. ते ज्याचे घेतले त्याला परत करताच येत नाही. बापाने आपल्याला वाढवले म्हणून आपण बापाला वाढवू शकत नाही. आपण पोरांना वाढवतो आणि तीच फेड समजली जाते. रूळ, पूल, बोगदे यांचे देणे या जातीचे आहे. ते मागे फेडता येत नाही, पुढेच फेडावे लागते. म्हणून रेल्वेत पैसा घालावा की नाही हा प्रश्न माझ्या दृष्टीने केवळ अर्थखात्याचा नाही. जे आपण घेतले ते पुढे द्यायचे की खाऊन टाकायचे, असा तो प्रश्न आहे.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. १९८४ साली मी पुण्यात बी.एड. करत होतो. एका संध्याकाळी तार आली, वडील अत्यवस्थ, ताबडतोब ये. शेवटची एस.टी. निघून गेली होती, म्हणून रात्रीची गाडी धरली. पुणे ते मिरज मार्ग १९७१ मध्येच ब्रॉडगेज झाला होता. मिरजेच्या पुढे बेळगावकडे मात्र अजून मीटरगेजच होते. त्यामुळे मिरजेला सर्वांनीच उतरायचे, ट्रंका-वळकट्या हमालांच्या डोक्यावर द्यायच्या आणि पलीकडच्या छोट्या गाडीची वाट पाहायची, हा आमच्या दोन पिढ्यांचा नित्यनेम होता. त्या पहाटे मी मिरजेच्या फलाटावर बसून राहिलो. मग गाडी आली. कृष्णेचा पूल, कुडची, रायबाग, घटप्रभा असे एकेक स्टेशन घेत बेळगावला पोहोचली. घराच्या कोपऱ्यावर आलो तेव्हा मंडळी स्मशानातून परतत होती. पाऊस अंगावर आला होता, आणखी थांबणे शक्य नव्हते. मी थोरला मुलगा. अग्नी चुलत्यांनी दिला.

दोष कोणाचाच नव्हता. गाड्या आपापल्या वेळेवर होत्या. ब्रॉडगेजच्या दोन रुळांमध्ये अंतर १ मीटर ६७६ मिलिमीटर, मीटरगेजमध्ये नावाप्रमाणे १ मीटर. फरक सुमारे सव्वादोन फुटांचा. वडिलांचे शेवटचे दर्शन आणि मी यांच्या मध्ये तेवढेच अंतर पडले होते.

पुढे १९९० च्या दशकात हा मार्ग रुंद झाला आणि मिरजेला न उतरता पलीकडे जाणारी पहिली गाडी पाहिली तेव्हा मला आनंद झाला हे खरेच. पण त्याच वेळी त्या हमालांची आठवण झाली. एका गाडीतून दुसऱ्या गाडीत माल चढवण्यावर ज्यांची चूल पेटत होती त्यांचे काय झाले असेल? माझा वाचलेला वेळ कोणाच्या तरी भाकरीतून आला होता. प्रगती झाली की तिची पावती एकाच्या नावाने फाटते आणि किंमत दुसराच भरतो, हे तेव्हा प्रथम लक्षात आले.

रेल्वेवर नैतिक आक्षेप घेणारे थोर पुरुषही आपल्याकडे झाले. गांधीजींनी १९०९ च्या 'हिंद स्वराज्य'मध्ये रेल्वेला दोषच दिला. रेल्वेमुळे रोगाची साथ पसरते, धान्य महाग बाजाराकडे ओढले जाते आणि दुष्काळ वाढतात, असे त्यांचे म्हणणे. त्यातला कळीचा मुद्दा आजही खोटा ठरलेला नाही. दुष्काळात धान्य आत आणणारा रूळच ते बाहेरही नेतो. कोणत्या दिशेने न्यायचे हे रूळ ठरवत नाही. पण याच गांधीजींनी वर्षानुवर्षे तिसऱ्या वर्गाने प्रवास केला आणि १९१७ मध्ये त्या वर्गाच्या हालांवर स्वतंत्र लेखन केले. रेल्वे मोडा असे म्हणून ते स्वस्थ बसले नाहीत. जो तिसऱ्या वर्गात बसतो त्याला माणसासारखे वागवा, असा त्यांचा आग्रह राहिला.

तो आग्रह पुढे आपल्या एका माणसाने थोडासा अमलात आणला. १९७७ मध्ये राजापूरचे खासदार मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातल्या लाकडी फळ्यांवर फोमच्या गाद्या आल्या. दोन इंचांची गोष्ट. आज कोणाला त्यात विशेष वाटणार नाही. पण लाकडी फळीवर रात्र काढलेल्या माझ्या पिढीला विचारा! वरच्या वर्गाची गादी काढून घेऊन ही समता आणलेली नव्हती. खालच्या वर्गाला वर उचलले होते. रेल्वेत पैसा घालणे म्हणजे काय, याची यापेक्षा सोपी व्याख्या मला ठाऊक नाही.

आमचे व्यापारी स्नेही यावर म्हणतील, त्यापेक्षा रस्ते करा, रस्त्यावर ज्याची गाडी तोच पेट्रोल भरतो. पण रस्त्याचा हिशेब तरी पुरता कुठे मांडला जातो? टोलच्या पावतीवर कधी असे छापलेले असते काय, की या रस्त्यावरचे पोलीस, अपघातातले इस्पितळ आणि उघडे पडलेले कुटुंब यांचा भार सामान्य नागरिक उचलतात? २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. शिवाय पोलादी चाक पोलादी रुळावर धावते तेव्हा घर्षण फार कमी, म्हणून तेवढ्याच माणसांना न्यायला इंधन कमी लागते. जपानने १ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियो-ओसाका मार्गावर ताशी २१० किलोमीटर वेगाची शिंकान्सेन सुरू केली. तेव्हापासून त्यांच्या या वेगवान गाड्यांची टक्कर होऊन किंवा गाडी रुळावरून घसरून एकही प्रवासी दगावलेला नाही. वेग आणि सुरक्षितता यांचे वैर नाही, हे त्यांनी दाखवून दिले. मात्र त्यासाठी स्वतंत्र रूळ टाकले, चालकाची नजर चुकली तरी गाडी आपोआप आवरणारी यंत्रणा बसवली, आणि देखभालीत कसूर केली नाही. उलट आपल्याकडे २ जून २०२३ रोजी ओडिशात बालासोरजवळ तीन गाड्यांचा अपघात होऊन २९० हून अधिक माणसे गेली, त्याच्या मुळाशी सिग्नलच्या यंत्रणेतला दोष होता. सिग्नलच्या तारांचे फीत कापून उद्‌घाटन होत नसते. म्हणूनच त्यांच्यावर आधी पैसा खर्च व्हायला हवा.

आपल्या सीमाभागाला तर आणखी एक कारण आहे. इकडे वातावरण तापले की पहिला फटका बसतो तो एस.टी.ला. डिसेंबर २०२२ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन राज्यांमधल्या बसगाड्या थांबल्या, तेव्हा सासरी-माहेरी अडकलेल्या लेकी, परीक्षेला निघालेली पोरे आणि मिरजेच्या दवाखान्यात दाखल झालेल्या रुग्णांचे नातलग सारे रेल्वेकडे धावले. रूळ दोन्ही राज्यांचा आणि कोणा एकाचा नव्हे. बेळगावच्या फलाटावर कानडी घोषणा ऐकत गाडीत बसावे आणि मिरजेला मराठी घोषणा ऐकत उतरावे, मध्ये डब्यातली मंडळी दोन्ही भाषांत शेंगा सोलत असतात. अर्थात रूळही अमर नाहीत. १९५५ मध्ये गोव्याच्या नाकेबंदीत कॅसलरॉकचा मार्ग बंद पडला होता, हे आपल्याकडची वडीलधारी मंडळी सांगत. म्हणूनच असा मार्ग जपायचा असतो.

इथवर माझे मन स्वच्छ होते. गुंता झाला तो पुढे.

गेल्या काही वर्षांत आपल्या मार्गाचे भाग्य उजळले. विद्युतीकरण झाले, दुहेरीकरणाची कामे झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये हुबळी-पुणे वंदे भारत सुरू झाली, १० ऑगस्ट २०२५ रोजी बेंगळुरू-बेळगाव वंदे भारतला हिरवा झेंडा मिळाला. मी त्या गाडीत बसलो, खुर्ची मागे केली आणि सुखावलो. खोटे कशाला बोलू? पण त्याच रुळांवरच्या दुसऱ्या गाडीची हकिकतही सांगितली पाहिजे. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे देशभरातल्या पॅसेंजर गाड्या थांबल्या. त्या पुन्हा धावू लागल्या तेव्हा त्यांना एक्स्प्रेसचे भाडे लागले. किमान तिकीट दहाचे तीस रुपये झाले आणि ते पुन्हा दहावर यायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. त्याच मार्च २०२० मध्ये ज्येष्ठांची सवलतही गेली आणि पुढची अनेक वर्षे परतली नाही. माझी साठी नेमकी त्याच वर्षी पूर्ण झाली, हा माझा ग्रहयोग! पण विचार केला तेव्हा वाटले, मला पेन्शन आहे, माझी सवलत गेली तर चालेल. ज्याचे दहाचे तीस झाले त्याचे काय?

पंगतीचा आपला एक नियम आहे. वाढप्याने पहिल्या पानावर कितीही आग्रह करावा, पण शेवटच्या पानावर भात पोहोचल्याखेरीज जिलबीचे ताट बाहेर काढू नये. जिलबी वाईट असते म्हणून नव्हे, जिलबी हवीच! पण शेवटचे पान रिकामे असताना ती फिरली तर यजमानाची शोभा होते. वेगवान गाडी हवी. मात्र जनरलच्या डब्यात दारात लोंबकळणाऱ्याला आत बसायला जागा मिळणे हे त्याच्या आधीचे वाढप आहे. आणि या पंगतीचा खर्च तर त्या पापड लाटणाऱ्या बाईसकट सर्वांनी मिळून केलेला. तिने दिलेल्या पैशावर पहिला हक्क माझ्या मागे होणाऱ्या खुर्चीचा कसा?

शेवटचा गुंता घरातलाच. बेळगावहून धारवाडला जायचे तर आजचा मार्ग लोंढ्याला वळसा घालून जातो, सुमारे १२० किलोमीटर. कित्तूरमार्गे सरळ ७३ किलोमीटरचा नवा मार्ग आखला गेला. त्यासाठी आपले खासदार आणि रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी यांनी खटपट केली. सप्टेंबर २०२० मध्ये ते कोरोनाने गेले. मार्ग आखला गेला तेव्हा मी त्याची स्तुती करत मावसभावाच्या घरी जेवत होतो. बेळगावच्या दक्षिणेला त्याचे गाव, भाताची आणि रताळ्याची काळी जमीन. सुपीक जमिनी जाणार म्हणून तिकडच्या शेतकऱ्यांनी हरकत घेतली होती, पडीक जमिनीतून मार्ग न्या असे त्यांचे म्हणणे होते. दादा ऐकत राहिला. मग हात धुता धुता म्हणाला, "तुमचा तास वाचतोय न्हवं, मास्तर? वाचू दे की. पण त्या तासाचं तुम्ही काय देताय?"

मी म्हणालो, सरकार मोबदला देते. तो म्हणाला, "सरकार देतंय. तुम्ही काय देताय, ते विचारलो."

तिकिटावरची ओळ आणि दादाचा प्रश्न एकच आहे, हे परतीच्या वाटेवर ध्यानात आले. तिकीट मला सांगत होते की तुझे त्रेचाळीस कोणीतरी भरले. दादा विचारत होता, त्या कोणाला तू ओळखतोस तरी का? 'देशासाठी' हा शब्द आपण फार लवकर उच्चारतो. देशासाठी जमीन द्यायची वेळ येते तेव्हा देश म्हणजे दादा असतो, आणि देशाच्या गाडीत बसायची वेळ येते तेव्हा देश म्हणजे मी.

म्हणून मी माझ्यापुरता असा निवाडा केला आहे. रेल्वेत पैसा घालावा, आजच्यापेक्षा अधिक घालावा, कारण आपण घेतलेले पुढे देण्याचा दुसरा एवढा चांगला मार्ग नाही. पण त्याचा क्रम असा असावा : आधी जीव वाचवणारी यंत्रणा, मग जनरलचे डबे आणि पॅसेंजर गाड्या, मग वेग. माझ्यासारख्या खुर्ची मागे करणाऱ्याने पुरते भाडे मोजावे, कुरकुर करू नये. आणि रूळ कोणाच्या शेतातून जाणार असेल तर त्याला नोटीस लावण्याआधी त्याच्या बांधावर बसून दुसरी वाट शोधावी. नाहीच सापडली, तर मोबदला असा असावा की त्याला तेवढीच काळी जमीन जवळपास घेता येईल. त्याने काम चार वर्षे लांबले तर लांबू दे. तेवढा उशीर हे माझ्याकडून दादाला दिलेले काहीतरी असेल.

दादाला हे सांगितले. तो पुरता पटला असे नाही. पण परवा सकाळी स्टेशनवर त्याची गाठ पडली. वहिनींच्या उपचारासाठी तो दर महिन्याला मिरजेला जातो. नात दिवाळीला येणार होती, तिला आणायला मी गेलो होतो. तिची गाडी यायला अवकाश होता आणि दादाची पॅसेंजर समोर उभी होती. जनरलच्या डब्यात गर्दी होती. मी आधी चढून वहिनींसाठी खिडकीची जागा धरली, त्या बसल्या, दादाने पिशवी वर ठेवली. गाडी हलली तेव्हा तो खिडकीतून म्हणाला, "मास्तर, आज तुम्ही जागा दिलासा बघा."